आपल्या घरचे पाहुणे आणि गावाचा वाटा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जो माल मांडून बसतो, तो सोपो भरतो. टोपलीभर भाजी घेऊन बसलेली बाई थोडा भरते, मोठा ठेला लावणारा जास्त भरतो. पण बाजारात बसायचे आणि सोपो द्यायचा नाही, हे चालत नाही. पर्यटनाच्या बाजाराचा हिशेब मात्र अजून असा बसलेला नाही.

गेल्या काही वर्षांत कांदोळी, हणजूण, शिवोली, आसगाव ते मोरजी-मांद्रेपर्यंत कितीतरी फ्लॅट, व्हिला आणि जुनी घरे एअरबीएनबीसारख्या ॲपवर आली. त्यांत आपल्यापैकी अनेकांची घरेही आहेत. कुणी आजोबांच्या घराची माडी देतो, कुणी कर्ज काढून घेतलेला फ्लॅट. हॉटेलांकडून पर्यटनाच्या प्रसिद्धीसाठी शुल्क घ्यायचे ठरले, तर या घरांनीही ते द्यावे का? जगभर हा वाद सुरू आहे. गोव्यात तो केव्हाही दारात येऊन उभा राहील, म्हणून आधीच समजून घेतलेला बरा.

कर वेगळा, शुल्क वेगळे

पूर्वी गोव्यात हॉटेलांवर ऐषआराम कर होता. त्याचा कायदा १९८८ चा. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो कर त्यात विरून गेला. आता रात्रीला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी लागतो. ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि ज्याने जीएसटी नोंदणी केलेली नाही, त्याच्या ॲपवरच्या बुकिंगचा जीएसटी ॲपवाली कंपनीच भरते. म्हणजे "घरवाले काहीच भरत नाहीत" हे म्हणणे अर्धेच खरे.

पण हा पैसा केंद्र आणि राज्याच्या तिजोरीत जातो आणि तिथून कशावरही खर्च होऊ शकतो. प्रसिद्धी शुल्काचे तसे नाही. ते एका ठरलेल्या कामासाठी गोळा करायचे आणि त्याच कामावर खर्चायचे, ही त्यामागची कल्पना. माथेरानला दस्तुरी नाक्यावर किंवा महाबळेश्वरला शिरताना आपण जे पैसे भरतो, ते स्थानिक नगरपालिकेला मिळतात. तिथे कोण कुठे उतरणार हे कुणी विचारत नाही. नाक्यावरच सगळ्यांकडून घेतात. डोंगरावरच्या गावाला वाटा मोजक्या, म्हणून ते जमते. गोव्यात माणूस मोपाला उतरतो, दाबोळीला उतरतो, पत्रादेवीहून येतो, पोळेहून येतो, रेल्वेने मडगावला येतो. २०२४ च्या अखेरीस कळंगुट पंचायतीने गावात येणाऱ्या पर्यटकांवर कर बसवण्याचा विचार पुढे आणला, तेव्हा गावाच्या वेशीवर गाड्या अडवायच्या कशा, हाच पहिला प्रश्न होता. त्यापेक्षा पाहुणा जिथे रात्री झोपतो तिथे शुल्क घेणे सोपे. आणि तिथे घ्यायचे म्हटले, की घरे वगळून चालत नाही.

इतरांनी काय केले

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २००३ मध्ये 'पर्यटन प्रसिद्धी क्षेत्रां'चा कायदा केला. एखाद्या भागातली हॉटेले दर रात्रीमागे ठरावीक रक्कम गोळा करतात आणि ती त्या भागाच्या प्रसिद्धीला वापरतात. पण हे शुल्क ४० किंवा अधिक खोल्यांच्या व्यवसायांपुरतेच ठेवले होते. लहानांना त्रास नको, हा त्यातला सरळ अर्थ. तेव्हा ॲप नव्हते. पुढे एकेका खोलीची शेकडो घरे मिळून मोठी बाजारपेठ झाली आणि लहानांसाठीची सवलत तिलाही लागू होऊ लागली.

टोरांटोत, जिथे आपली बरीच मराठी मंडळी आहेत, १ एप्रिल २०१८ पासून हॉटेलांवर ४ टक्के निवास कर आला. अल्पमुदतीच्या घरांची वसुली २०२१ मध्ये सुरू झाली, कारण आधी घरांची नोंदणी लागली. यादीच नसेल, तर वसुली कुणाकडून करणार?

जपानमधल्या क्योटोने ऑक्टोबर २०१८ मध्ये हॉटेल, पारंपरिक विश्रामगृह आणि घरगुती निवास अशा सगळ्यांना एकाच वेळी कर लावला. सुरुवातीचा दर माणशी रात्रीला २०,००० येनच्या आत २०० येन आणि ५०,००० येनपासून पुढे १,००० येन असा होता. जागा हॉटेल आहे की घर, याला महत्त्व नव्हते. पाहुणा किती मोजतो, याला होते. आपल्याला घेण्यासारखी गोष्ट हीच.

गोव्यातली गाठ

आपल्याकडे पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा १९८२ चा आहे. पैसे घेऊन पर्यटकाला राहायला जागा देणाऱ्याने पर्यटन खात्यात नोंदणी केली पाहिजे, आणि यातून घरे सुटत नाहीत. तरीही अनेक घरे नोंदणीविना चालतात. २०२४ मध्ये सरकारने नव्या पर्यटन विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यातल्या शुल्कांच्या कल्पनेवर पर्यटन व्यावसायिकांनी जोरदार हरकती घेतल्या. नियमाने वागणाऱ्यावरच नवा बोजा, आणि नोंदणी नसलेला मोकळा, हे त्यांचे दुखणे खोटे नाही.

झळ किती?

एक साधा हिशेब करू. समजा फ्लॅटचे भाडे रात्रीला ४,००० रुपये आणि वर्षात १५० रात्री तो भरलेला. उत्पन्न सहा लाख. शुल्क दोन टक्के ठरले, तर रात्रीला ८० रुपये आणि वर्षाला १२,०००. ते बिलात वेगळे दाखवले, तर पाहुणा देतो. ॲपने परस्पर कापून भरले, तर घरमालकाला कागदही रंगवावे लागत नाहीत. या रकमेने धंदा बुडणार नाही.

पण सगळी घरे सारखी नाहीत. आपण मागच्या खोलीत राहून पुढची खोली पाहुण्याला देणारी मावशी, पावसाआधी कौले परतायला त्याच पैशांवर विसंबते. दुसरीकडे वीस फ्लॅट चालवणारा व्यावसायिक असतो, ज्याचा मालक गोव्यात राहतही नाही. दोघांना एकच शुल्क लावणे अन्याय, आणि मावशीला पुढे करून वीस फ्लॅटवाल्याने सुटणे हाही अन्याय. मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या एक-दोन खोल्यांना माफी आणि बाकीच्यांना भाड्याप्रमाणे शुल्क, ही विभागणी न्यायाची वाटते.

पैसा कशाला वापरायचा?

खरा मुद्दा इथे आहे. कळंगुटला आणखी जाहिरात कशाला हवी? तिथे डिसेंबरात रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. पाण्याचा टँकर, कचऱ्याची गाडी, रात्री दोनला चालू असलेला डीजे, हे त्या वाड्यावर राहणाऱ्यांच्या वाट्याला येते. पाहुण्यांनी गजबजलेल्या गावाकडून प्रसिद्धीचे पैसे घ्यायचे आणि त्याच गावाची गर्दी वाढवायची, यात शहाणपण नाही.

प्रसिद्धी हवी ती सत्तरीला, सांगेला, काणकोणच्या आतल्या भागाला. माशेलचा आषाढातला चिखलकाला, शिगमो, फोंड्याकडची देवळे, यांची ओळख नीट करून दिली, तर पाहुणा किनाऱ्यावरून आत येईल आणि दोन पैसे तिथल्या घरांतही जातील. उरलेला वाटा पंचायतीकडे कचरा आणि पाण्यासाठी यावा. आणि खर्च ठरवणाऱ्या समितीत हॉटेलवाल्यांबरोबर घरवाले आणि पाहुणे न ठेवणारे गावकरीही असावेत. ज्याचा पैसा त्याचा शब्द चालतो; म्हणून शुल्क भरायला नकार देण्यापेक्षा, भरून समितीत जागा मागणे घरवाल्यांच्या फायद्याचे.

आपल्या पिढीने यासाठी कायदा येण्याची वाट पाहू नये. घर ॲपवर असेल, तर त्याची पर्यटन खात्यातली नोंदणी आजच तपासा. परदेशी पाहुणा उतरला, तर चोवीस तासांत ठरलेला फॉर्म भरा. सोसायटीत शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या. आणि ग्रामसभेत पर्यटनाचा विषय निघाला, की आई-बाबांना पाठवून स्वतः मोबाइलवर बसू नका. भाड्याची रक्कम तुमच्या खात्यात येते. विहीर, रस्ता आणि रात्रीची शांतता मात्र सगळ्या वाड्याची असते.