कम्युनिटी कॉलेजात इतके वेगवेगळे कोर्स कशासाठी?

कम्युनिटी कॉलेजची माहितीपत्रिका हातात घेतली की बऱ्याच जणांना ती भेळ वाटते. एका ओळीत फ्रिज-एसी दुरुस्ती, दुसऱ्या ओळीत शिवणकाम, तिसरीत सेंद्रिय शेती. या सगळ्यामागे काही सूत्र आहे का? आहे. आज आपण तेच समजून घेऊ.

विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत, 2013 च्या सुमारास, कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. दारात येणारा माणूस एकाच प्रकारचा नसतो, हे तिने मान्य केलं. कुणी बारावीनंतर लगेच काम शोधतोय. कुणी आधीच कामावर आहे, पण नवीन यंत्र शिकायचंय. कुणाला पुढे पदवी करायचीय. आणि कुणाला निव्वळ आवडीपोटी शिकायचंय. माणसं वेगळी, म्हणून अभ्यासक्रम वेगळे आणि त्यांची लांबीही वेगळी. सहा महिन्यांना 30 श्रेयांकांचं प्रमाणपत्र, वर्षाला 60 श्रेयांकांची पदविका, दोन वर्षांना 120 श्रेयांकांची प्रगत पदविका, अशी तेव्हाची रचना होती. मधेच थांबावं लागलं, तरी तोवरचं शिक्षण वाया जात नाही. घरची अडचण आली की ज्यांचं शिक्षण आधी सुटतं, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

दुसरं सूत्र म्हणजे गाव. आपल्या खानदेशाचंच बघा. रावेर-यावलची केळी आपण एक पीक म्हणून ओळखतो. पण त्यामागे कामं किती! टिश्यू कल्चरची रोपं तयार करणं, ठिबक बसवणं आणि सांभाळणं, घड उतरवून फण्या धुऊन पेट्या भरणं, मग पिकवण केंद्र. तिथे साधारण 16 ते 18 अंश तापमानाला इथिलीन वायू देऊन केळी पिकवतात. 13 अंशांच्या खाली गेली तर साल काळवंडते. म्हणजे तिथल्या माणसाला शीतयंत्र कळायला हवं, वायूचं प्रमाण कळायला हवं, नोंदवही ठेवता यायला हवी आणि व्यापाऱ्याशी बोलताही यायला हवं. म्हणूनच योजनेत साधारण 60 टक्के भाग कौशल्याचा आणि 40 टक्के सामान्य शिक्षणाचा ठेवला होता.

धुळे जिल्ह्यात दोंडाईचाची मिरची, जळगावात सराफ बाजार, डाळ मिल, पाइपचे कारखाने. प्रत्येकातून असेच दोन-तीन कोर्स निघू शकतात. उलट, दुसऱ्या शहराची यादी जशीच्या तशी उतरवली, तर वर्ग भरतो, प्रमाणपत्रही मिळतं, आणि पोरगं पुन्हा चौकात उभं दिसतं. खरी जोखीम इथे आहे.

म्हणून प्रवेश घेण्याआधी आपण चार प्रश्न विचारूया. प्रात्यक्षिक नेमकं कुठे होणार? कोणता उद्योग सोबत आहे? श्रेयांक किती? आणि ते पुढच्या शिक्षणात धरले जातील का?

जाता जाता एवढंच. जळगावच्या आपल्या विद्यापीठाला 2018 साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. असोद्याच्या या बाई शाळेत कधी गेल्या नाहीत. शेतातल्या आणि घरातल्या कामातून आलेलं त्यांचं शहाणपण आज विद्यापीठात अभ्यासलं जातं. हातांना आधीपासून जे येतं, त्याला मान देऊन पुढचं शिकवणं, कम्युनिटी कॉलेजचं काम ते हेच.