मुस्तफा मोंडची तिजोरी

"खाला, या पुस्तकातला हुकूमशहा मुसलमान आहे का?"

मुंबईत बी.ए. करणारी माझी भाची सुट्टीत अष्टमीला आली होती. आल्डस हक्स्लीची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' ही १९३२ सालची कादंबरी तिला अभ्यासाला आहे. तिचे बोट मुस्तफा मोंड या नावावर होते. मला हसू आले. हे नाव योजताना लेखकाच्या मनात तुर्कस्तानचे मुस्तफा केमाल असावेत, असे जाणकार म्हणतात. पात्राला मात्र धर्म नाही. त्या जगात धर्म उरलेलाच नाही.

तिथे मुले आईच्या पोटी जन्मत नाहीत, बाटल्यांत वाढतात. कोण साहेब होणार आणि कोण हमाल, हे बाटलीतच ठरते. 'आई' हा शब्द उच्चारायची लाज वाटते. मन उदास झाले की 'सोमा' नावाची गोळी घ्यायची. मोंडने जुने धर्मग्रंथ तिजोरीत बंद करून ठेवले आहेत. तो स्वतः ते वाचतो, इतरांना वाचू देत नाही.

एवढेच असते तर 'विज्ञानाने धर्माला गिळले' असे म्हणून पुस्तक मिटता आले असते. आपल्याकडच्या व्याख्यानांत तसे म्हणायची सवयच आहे. पण हा मोंड तरुणपणी चांगला शास्त्रज्ञ होता. आता एका शास्त्रज्ञाचा नवा निबंध त्याच्या टेबलावर येतो, तेव्हा तो प्रसिद्ध करू नये असा शेरा मारून तो बाजूला ठेवतो. म्हणजे विज्ञानही कुलुपातच. सरकारला सोयीचे तेवढेच बाहेर.

भाचीला वाटले, हे सगळे कल्पनेतले. मी तिला १९७६ सालची गोष्ट सांगितली. देशात आणीबाणी होती. आपल्या विधिमंडळाने एक विधेयक मंजूर केले: तिसरे मूल झाल्यावर १८० दिवसांच्या आत नवऱ्याने किंवा बायकोने नसबंदी करून घ्यायची, नाहीतर शिक्षा. सक्तीच्या नसबंदीचे असे विधेयक मंजूर करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून तो कायदा झाला नाही. पण कायद्यावाचून काही अडले नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. पुढे शाह आयोगापुढे १,७७४ मृत्यूंची नोंद आली आणि ५४८ तक्रारी अविवाहितांची नसबंदी केल्याच्या होत्या. त्या दिवसांत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. कुठे काय बिघडले, कोणाला जंतुसंसर्ग झाला, हे छापून यायची सोय नव्हती. शस्त्रक्रिया साधी आणि शास्त्रशुद्ध होती. चुका उघड करून तपासणे हाही शास्त्राचाच भाग, आणि नेमका तोच बंद होता.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर तेव्हा दुसऱ्या तालुक्यात नोकरीला होते. "केस आणा, नाहीतर पगार विसरा," असा तोंडी हुकूम होता. त्यांनी एका मजुराला नेले. "त्याला मुले किती, हे मी विचारलेच नाही," एवढेच ते सांगतात आणि विषय बदलतात.

आपल्या घरांत हा विषय निघाला की थेट हराम-हलालवर गाडी येते. वास्तविक 'अज़्ल'ची चर्चा हदीसमध्ये आहे. इमाम ग़ज़ालींनीही त्याला मनाई केली नाही. मुले अंतराने व्हावीत म्हणून तात्पुरते उपाय करण्याला अनेक उलमांनी परवानगी दिली. कायमच्या नसबंदीला बहुतेकांचा विरोध आहे. १९७६ ला लोक घाबरले ते मात्र फतव्यामुळे नाही, दारात उभ्या राहिलेल्या गाडीमुळे. एक कडू गोष्ट इथे बोलायलाच हवी. सरकारने त्या बाईला विचारले नाही, हे आपण तावातावाने सांगतो. पण चौथ्या बाळंतपणाआधी घरात तरी तिला कोणी विचारले होते?

धाकाने जे साधले नाही, ते हळूहळू शिक्षणाने घडले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये देशातल्या मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २.४ वर आले. कुणाची गाडी दारात आली नव्हती. माझ्या वर्गातच बघते, पाच-सहा भावंडे असलेली मुलगी आता क्वचित भेटते. त्यांच्या आयांपैकी बऱ्याच जणी दहावी-बारावी झालेल्या आहेत.

आता पुस्तक मिटून भाचीने विचारले, "म्हणजे ते सगळे संपले?" मी कपाटातून माझ्या नोकरीची फाईल काढली. राज्याच्या २००५ च्या नियमांनुसार सरकारी नोकरीसाठी 'लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र' द्यावे लागते. माझेही त्यात आहे. तिने ते दोनदा वाचले आणि म्हणाली, "खाला, यावर सही करताना तुला काय वाटलं होतं?"

खरे सांगायचे तर त्या दिवशी मला फक्त नोकरी हवी होती. मी न वाचताच सही केली होती.