वेब-आशय (सुगम्यतेच्या मानकांतील)

ब्राउझर, माध्यमवादक यांसारख्या साधनांमार्फत वापरकर्त्यापर्यंत पोहोचवावयाची माहिती व ऐंद्रिय अनुभव, तसेच त्यांची रचना, मांडणी व परस्परक्रिया ठरविणारी संकेतलिपी, या सर्वांस मिळून वेब-आशय म्हणतात. ही व्याख्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या ‘वेब आशय सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वां’च्या दुसऱ्या आवृत्तीतील (२००८) असून २०१८ व २०२३ मधील सुधारणांतही ती कायम आहे. अपंग व्यक्तींसाठी केलेले नियम कशास लागू पडतात, हे तीवरून ठरते.

मजकूर, चित्रे, ध्वनी, चलत्‌चित्रे एवढ्यालाच सामान्यतः आशय समजले जाते. परंतु व्याख्येचे खरे मर्म संकेतलिपीच्या समावेशात आहे. अंध व्यक्तीचा स्क्रीन रीडर पडद्यावरील आकृती पाहत नाही, तो संकेत वाचतो. ठळक व मोठ्या अक्षरांतील ओळ डोळ्यांना शीर्षक वाटली, तरी संकेतलिपीत तशी नोंद नसेल, तर त्या वाचकाच्या दृष्टीने ते शीर्षक नव्हेच. युनिकोडपूर्व मराठी फाँट हे याचे बोलके उदाहरण होय. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसविलेले असत. त्यामुळे पडद्यावर शुद्ध मराठी दिसे आणि कानांवर मात्र निरर्थक रोमन अक्षरे पडत. स्कॅन करून केवळ चित्ररूपाने ठेवलेल्या शासन निर्णयाची स्थिती याहून वाईट. तेथे वाचण्याजोगे अक्षरच नसते.

व्याख्येची सीमा काहीशी कृत्रिम आहे. संकेतस्थळावरील पीडीएफ दस्तऐवज वेब-आशयात मोडतो. तोच ईमेलसोबत धाडला, तर काटेकोर अर्थाने मोडत नाही. मोबाइल ॲपही सहसा सॉफ्टवेअर ठरते. ही उणीव भरून काढण्यासाठी ‘ईएन ३०१ ५४९’ या यूरोपीय मानकात (२०१४) वेब, वेबबाह्य दस्तऐवज व सॉफ्टवेअर यांची स्वतंत्र प्रकरणे केलेली आहेत. भारतीय मानक ‘आयएस १७८०२’ (भाग १, २०२१; भाग २, २०२२) याच धर्तीचे आहे. व्याप्ती व बंधन यांत मात्र गल्लत करू नये. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०२४ मध्ये राज्य व स्थानिक शासनांसाठी केलेल्या नियमात व्याख्या विस्तृत ठेवून जतन केलेल्या जुन्या आशयास अटींवर सूट दिली आहे.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये ध्वनी, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील सर्वच आशय सुगम्य असावा, असे म्हटले आहे. म्हणजे कायद्याची कक्षा वेबपुरती नाही. सुगम्यतेचे नियम निव्वळ शिफारशीवजा ठेवणे या अधिनियमाशी विसंगत आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला.

अनेक टप्प्यांची प्रक्रिया असल्यास तिचे प्रत्येक पृष्ठ सुगम्य असावे, अशीही मार्गदर्शक तत्त्वांची अट आहे. या अटीचे मोल ३० एप्रिल २०२५ च्या निकालावरून ध्यानात येते. बँक वा मोबाइल सेवेसाठी ओळख पटविताना कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटण्याची अपेक्षा असे. आम्लहल्ल्याने डोळ्यांस इजा झालेल्यांना ते अशक्य होते आणि बाकीचा अर्ज कितीही सुवाच्य असला, तरी खाते उघडत नव्हते. त्या प्रकरणी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत मानला आणि जिवंतपणाच्या खातरजमेसाठी पर्यायी पद्धती ठेवण्याचे निर्देश दिले.