गुळाचा चहा आणि 'किती'चा प्रश्न

राहुरीहून लोणीकडे किंवा श्रीरामपूरकडे निघालं, की रस्त्याच्या कडेला 'गुळाचा चहा' अशा पाट्या दिसू लागतात. काही पाट्यांवर खाली आणखी एक ओळ रंगवलेली असते, 'शुगरवाल्यांनाही चालतो' अशा अर्थाची. चहा चांगला असतो. ती ओळ मात्र चुकीची आहे, आणि ती वाचून रोज चार कप पिणारी माणसं आपल्या घराघरांत आहेत. म्हणून हा लेख तिथूनच सुरू करते.

अहिल्यानगर जिल्हा उसावर उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला आशियातला पहिला मानला जाणारा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि १९५०-५१ साली त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. ज्या पिकाने इथल्या पोरांच्या शाळा-कॉलेजांची फी भरली, त्याच पिकाबद्दल आज दोन टोकाची वाक्यं ऐकू येतात: साखर म्हणजे पांढरं विष आणि गूळ म्हणजे औषध. दोन्ही वाक्यांत थोडं खरं आहे. आपल्या रोजच्या बहुतेक समजुतींचं असंच असतं. त्या हवेतून आलेल्या नसतात, त्यांच्या पोटात एखादी खरी गोष्ट असते. फक्त ती किती, हे कोणी सांगत नाही.

'गुळाने शुगर वाढत नाही'

वाढते. गूळ आणि साखर एकाच उसाच्या रसाची दोन रूपं आहेत. गुळात ६५ ते ८५ टक्के सुक्रोज असतं, म्हणजे तीच साखर. शिवाय थोडं ग्लुकोज, थोडं फ्रुक्टोज, ओलावा आणि क्षार. १०० ग्रॅम साखरेतून ४०० उष्मांक मिळतात, तेवढ्याच गुळातून ३८० च्या आसपास. तीन महिन्यांची शुगर सांगणारी एचबीए१सी तपासणी, रक्तातलं ग्लुकोज गुळातून आलं की साखरेतून, असा भेद करत नाही.

मग गुळातलं लोह? ते आहे. १०० ग्रॅम गुळात साधारण अडीच ते साडेचार मिलिग्रॅम. एका कपात दहा ग्रॅम गूळ धरला तर लोह मिळालं पाव ते अर्धा मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं. ते एकट्या गुळातून भरून काढायचं म्हटलं, तर दिवसाला अर्ध्या किलोच्या वर गूळ खावा लागेल आणि दिवसभराच्या जेवणाइतके उष्मांक त्यातूनच पोटात जातील. अंगात रक्त कमी असलेल्या मुलीला गूळ-शेंगदाण्याचा लाडू जरूर द्यावा. तो दिला म्हणून लोहाच्या गोळ्या थांबवू नयेत. असं करणाऱ्या घरांचं मला फार वाईट वाटतं, कारण आईचा हेतू चांगला असतो आणि मुलीचं हिमोग्लोबिन तिथल्या तिथेच राहतं.

जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर मोजते, तेव्हा गूळ, काकवी, मध आणि उसाचा रस हे सगळं त्यात धरते. तिचं म्हणणं असं, की दिवसाला २००० उष्मांक घेणाऱ्या माणसाने ही साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक बरं. दोन चमचे गोडाचा एक कप, असे चार कप चहा झाले की ४० ग्रॅम तिथेच संपतात. अजून जेवणाचं ताट मांडलेलंही नसतं.

गुळाच्या रंगाचंही सांगायला हवं. बाजारात पिवळाधमक गूळ हातोहात खपतो, कारण तो 'शुद्ध' वाटतो. गुऱ्हाळावर थोडा वेळ उभं राहिलं, तर वेगळं दिसतं. रस काहिलीत तापू लागला की भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी त्यात सोडतात. मळी फेसाबरोबर वर येते, झाऱ्याने ती काढत राहायची. रस आटत जातो तसा रंग गडद होत जातो, तपकिरी, कधी काळपट. हा रंग उजळावा म्हणून अनेक ठिकाणी 'हायड्रोस' म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट घालतात. गडद गूळ चांगलाच असतो अशी हमी नाही, जमीन आणि उसाची जात यांचाही रंगावर परिणाम होतो. पण फिकट म्हणजे शुद्ध हे गणित उलटं आहे. मधुमेह नसलेल्यांनी गूळ आवडीने खावा, तो चवीला साखरेपेक्षा फार सरस आहे. एवढं कारण पुरेसं आहे.

'साखर म्हणजे विष'

जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या कामासाठी १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी गावागावांतून निवडलेल्या आरोग्य सेविकांपैकी कित्येक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातल्या. बाळाला जुलाब लागले की पाणी तोडायचं, गरोदर बाईने पोटभर खाल्लं तर बाळ मोठं होऊन अडतं, बाळंतिणीचं पहिलं चिकट दूध टाकून द्यायचं, अशा समजुतींशी या बायका दारोदार जाऊन झुंजल्या. अहिल्यानगर जिल्ह्याने या स्त्रियांचं जितकं ऋण मानायला हवं, तितकं मानलेलं नाही असं मला मनापासून वाटतं.

यातल्या जुलाबाचंच पाहा. त्यावर घरी करायचं पाणी सोपं आहे: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. यात साखर चवीसाठी नाही. लहान आतड्यात ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीने आत ओढलं जातं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. साखर नसेल तर नुसतं मीठ-पाणी तितकं शोषलं जात नाही. साखर जास्त झाली तर तीच आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढवते. म्हणून चमचा सपाट असावा लागतो, आणि सरकारी दवाखान्यातलं ओआरएसचं पाकीट मिळत असेल तर ते घरच्या मापापेक्षा कधीही चांगलं. ज्या साखरेला आपण विष म्हणतो, तिचे सहा चमचे मूल वाचवतात.

'बाजरीची भाकरी कितीही खा'

बाजरी खरंच गुणाची आहे. लोहाच्या बाबतीत ती गुळाच्या पुढे आहे आणि तांदूळ तर तिच्या जवळपासही नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेसोबत 'धनशक्ती' हे जास्त लोहाचं वाण आणलं. महाराष्ट्रातल्या ग्रामीण वसतिगृहांत १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर एक अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. काहींना साध्या बाजरीची भाकरी, काहींना लोहयुक्त बाजरीची. दुसऱ्या गटातल्या मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा चार महिन्यांत अधिक वाढला होता.

पण १०० ग्रॅम बाजरीच्या पिठातून साडेतीनशेच्या आसपास उष्मांक मिळतात, गव्हाच्या पिठाइतकेच. पोळी सोडून भाकरी धरली म्हणून वजन उतरत नाही. उतरलं, तर भाकरीने पोट लवकर भरतं आणि दोन घास कमी जातात म्हणून. मधुमेहींसाठीही तेच: भाकरी पोळीपेक्षा सावकाश पचते, पण चार भाकऱ्या त्या चारच.

आणि एक गोष्ट आपण सगळेच करतो. सकाळी शिळी भाकरी चहात कुस्करून खातो. चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात, ते शरीराला मिळत नाही. बाजरीत मुळात फायटेट असतं, तेही लोह अडवतं. म्हणजे एका वाटीत लोहही आणि त्याचा अडसरही. चहा जेवणाआधी किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यावा आणि भाकरीसोबत लिंबाची फोड, कच्चा टोमॅटो किंवा पेरू असावा. क जीवनसत्त्वाने लोह सुटतं. याला पैसे लागत नाहीत.

'शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला?'

आजोबांच्या बाबतीत हे खरं होतं. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, ढेकळं रोटाव्हेटर फोडतो, ठिबक आल्यापासून रात्री दारं धरायला जावं लागत नाही आणि वस्तीवरून गावात जायला मोटारसायकल आहे. शेती तीच, अंगमेहनत निम्म्याहून कमी. जेवण मात्र आजोबांच्याच मापाचं. गावांत पंचेचाळिशीच्या पुरुषांना मधुमेह आणि रक्तदाब निघतो, त्याचं एक कारण इथे आहे.

खुरपणी आणि कांदा लागण अजून बायकांच्या हातानेच होते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचे कष्ट तर कुठल्या मोजमापात बसत नाहीत. त्यांना 'तुमचा व्यायाम आपोआप होतो' म्हणणं अन्यायाचं आहे. आठ-दहा तास वाकून, विश्रांती न घेता केलेल्या कामाचे हृदयाला ते फायदे मिळत नाहीत जे मोकळ्या चालण्याचे मिळतात, असं बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे. अशा बाईला व्यायामाचा सल्ला नको, तिला विसावा हवा आणि पोटभर जेवण हवं.

बाकीच्यांसाठी आठवड्याला १५० मिनिटं भराभर चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. 'रोज दहा हजार पावलं' हा आकडा कुठल्या वैद्यकीय संस्थेने दिलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकताना तो वापरला आणि तो जगभर रूढ झाला. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या जवळजवळ १७ हजार स्त्रियांवरचा अभ्यास २०१९ साली आला. दिवसाला २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. दहा हजार जमत नाहीत म्हणून घरात बसून राहिलेल्या आजींना हे आवर्जून सांगावं.

'टॉवरमुळे कॅन्सर होतो'

गावात टॉवर येणार म्हटलं की विरोधाची बैठक बसते. मोबाइलच्या लहरी एक्स-रेसारख्या नसतात, पेशीतला डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं, ही बातमी खरी आहे. त्या गटाचा अर्थ पुरावा अपुरा असा आहे, धोका सिद्ध झाला असा नाही. उलट एक गोष्ट लक्षात घ्यावी: टॉवर लांब असला की फोन जास्त जोर लावतो. रेंज नसलेल्या ठिकाणी कानाला लावलेला फोन जास्त लहरी सोडतो. २०२१ च्या मे महिन्यात '५जीच्या चाचणीमुळे कोरोना' हा मेसेज गावोगाव फिरला, तेव्हा देशात ५जीची चाचणी कुठेही सुरू झालेली नव्हती. दूरसंचार विभागाला तसं जाहीर करावं लागलं.

'इतक्या लोकांनी पाठवलंय, म्हणजे खरं असणार'

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागत फिरणारे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून आलेले लोक होते. त्या काळात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूल उचलणारा मोटारसायकलवाला शेवटी ते परत आणून देतो, तो भाग कापलेला होता.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाच जणांनाच मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आता अनेक हातांतून आलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण दिसते. पुष्कळ जण ती खूण मेसेज महत्त्वाचा असल्याची समजतात. तिचा अर्थ एवढाच, की तो कमीत कमी पाच वेळा पुढे ढकलला गेला आहे आणि पाठवणाऱ्याने तो लिहिलेला नाही. मेसेजमध्ये तारीख, गावाचं नाव आणि पोलीस ठाण्याचं नाव नसेल तर तो तिथेच थांबवावा. अनोळखी माणूस दिसला तर ११२ वर फोन करावा.

'पैसे जमा करायला पिन लागतो'

हा समज आज सर्वांत महाग पडतो. कांदा विकला, गाय विकायची आहे, कुणीतरी फोनवर सौदा ठरवतं, 'आगाऊ रक्कम टाकतो' म्हणून क्यूआर कोड पाठवतं आणि पिन टाकायला सांगतं. यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो. येणाऱ्या पैशांना पिन लागत नाही, कोड स्कॅनही करावा लागत नाही. 'पीएम किसान'च्या नावाने ग्रुपवर येणारी एपीके फाइलही उघडू नये, ती फोनचा ताबा दुसऱ्याच्या हातात देते. सरकारी योजनेचं ॲप व्हॉट्सअॅपवरून येत नाही.

पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये आणि बँक उघडण्याची वाट पाहू नये. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ सांगावी. समोरच्याने रक्कम काढून घेण्याआधी तक्रार पोहोचली, तर ती मधल्या खात्यात गोठवता येते.