क्रुसाची वाट

क्रुसाची वाट ही येशू ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे चालत स्मरण करण्याची कॅथलिक भक्तिपरंपरा आहे. मृत्युदंडाच्या निवाड्यापासून दफनापर्यंतचे १४ प्रसंग चर्चच्या भिंतींवर चित्र वा शिल्परूपाने मांडलेले असतात. त्यांना 'स्थाने' म्हणतात. भाविक प्रत्येक स्थानापाशी थांबून मनन व प्रार्थना करतात. परंपरेने स्थानाची आवश्यक खूण लाकडी क्रूस हीच होय; चित्र ऐच्छिक असते.

इतिहास
जेरुसलेमची यात्रा ज्यांना अशक्य होती, त्यांच्यासाठी तेथील वाटेची प्रतिकृती युरोपात उभारली जाऊ लागली. फ्रान्सिस्कन संघाने या भक्तीचा प्रसार केला. पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३१ मध्ये स्थानांची संख्या १४ निश्चित केली. येशूचे तीन वेळा पडणे व वेरोनिकाची भेट हे प्रसंग शुभवर्तमानांत नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ मध्ये केवळ शास्त्राधारित स्थानांचा पर्यायी क्रम वापरला.

खानदेशात
जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कॅथलिक समाज १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतो. ही भक्ती मुख्यतः उपवासकाळातील शुक्रवारी, विशेषतः शुभ शुक्रवारी केली जाते. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनच्या कार्यातून प्रोटेस्टंट मंडळ्या उभ्या राहिल्या. त्या परंपरेत प्रतिमांसमोरील ही प्रार्थना सहसा आढळत नाही.