माग बंद, मजुरी चालू?

सरकारी यादीतली सुट्टी बँका आणि कचेऱ्यांसाठी असते. विट्यातल्या यंत्रमाग कारखान्याला ती आपोआप लागू होत नाही.

दुकाने व आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. त्याच्या कक्षेतल्या कामगाराला वर्षाला आठ पगारी सुट्ट्या मिळतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या कायद्यानेच ठरलेल्या. उरलेल्या चार मालक-कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या. बेंदूर सणाची सुट्टी घ्यायची की नाही, हे तेव्हाच बोलून घ्यावे आणि यादी लेखी मागावी.

मागावर मजुरी बहुधा विणलेल्या कापडावर मोजतात. माग थांबला की कमाई थांबली. अशा कामगाराची सगळ्यात भक्कम सुट्टी मतदानाची. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम १३५ ब कारखाना किती मोठा हे विचारतच नाही. लोकसभा किंवा विधानसभेच्या मतदानाला, म्हणजे विटा ज्यात येते त्या खानापूर मतदारसंघात २० नोव्हेंबर २०२४ ला होती तशी, मतदाराला पगारी सुट्टी द्यावीच लागते. एरवी सुट्टीच्या दिवशी ज्याला मजुरी मिळत नाही, त्यालाही त्या दिवसाची मजुरी मिळते. रोजंदारीवाल्यालासुद्धा. गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होणार असेल तेवढाच अपवाद. मालकाने नियम मोडला तर दंड मात्र ५०० रुपयांपर्यंतच! हा आकडा वाढायलाच हवा. नगरपालिकेच्या मतदानाला हे कलम लागू नाही. तिथे शासनाचा वेगळा आदेश पाहावा.