मुलांचे ‘भूकंप आजोबा’

इस्तंबूलच्या आशियाई बाजूला, बॉस्फरसच्या काठावरील टेकडीवर कांदिल्ली वेधशाळा आहे. १८६८ साली उस्मानी राजवटीत सुरू झालेली ही संस्था १९८२ पासून बोआझिची विद्यापीठाकडे आहे. येथे भूकंपाच्या नोंदींबरोबर जमिनीची हालचालही मोजतात. अनातोलियाचा भूभाग वर्षाला सुमारे २ सेंटीमीटर पश्चिमेकडे सरकतो. भूगर्भातील भेगेवर तो अडकला, की ताण साठत जातो.

१७ ऑगस्ट १९९९ च्या रात्री ३ वाजून २ मिनिटांनी इझमितजवळ हा ताण सुटला. सरकारी आकड्यांनुसार १७ हजारांहून अधिक माणसे मरण पावली. तेव्हाचे संचालक प्रा. अहमत मेते इशिकारा टीव्हीवरून घाबरलेल्या लोकांना शांतपणे समजावत राहिले. पुढे मुलांना भूकंपाची तयारी शिकवणे हेच त्यांनी आपले काम मानले. तुर्की घरांत ते ‘देप्रेम देदे’, म्हणजे भूकंप आजोबा झाले. २०१३ मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

भूकंपाची नेमकी वेळ आजही कुणाला सांगता येत नाही. म्हणूनच आम्हांला या आजोबांचे मोल वाटते. यंत्रांनी टिपलेले ज्ञान त्यांनी घराघरांत पोहोचवले. आपल्या घरातील जड कपाट भिंतीला पक्के केले आहे का, एवढे तरी आपण आजच पाहू या.